प्लेटलेटवर संशोधन करणारे लोक दिवसभर करतात तरी काय?

एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे: "प्लेटलेटचा आकडा यंत्र मिनिटभरात देतं. रक्त कसं गोठतं हे पुस्तकात छापलेलं आहे. मग प्लेटलेटवर आयुष्यभर संशोधन करणारे नेमकं काय शोधत असतात? मी या क्षेत्रात यावं का?"

मी पंचवीसहून अधिक वर्षं या कामात आहे. अर्धा वेळ रक्तस्रावाचे रुग्ण, अर्धा वेळ प्रयोगशाळा. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. सुरुवात एका नळीपासून करते, कारण मी स्वतः या क्षेत्रात अडकले ती त्या नळीमुळेच.

रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट घातलेल्या नळीत रक्त घ्यायचं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, गढूळ थर उरतो. तो गढूळपणा म्हणजे प्लेटलेट. तो थर वेगळा काढून उजेडासमोर धरा आणि नळी बोटांत हलकेच फिरवा. रेशमी कापड हलवल्यावर त्यावरून उजेड सरकतो तशी झुळझुळ आत दिसते. शांत प्लेटलेट चपट्या चकतीसारखी असते. प्रवाहात अशा लाखो चकत्या वळतात तेव्हा प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परतवतात, त्यामुळे ही झुळझुळ दिसते. आता नळी ढवळत ठेवून त्यात एडीपीचा, म्हणजे प्लेटलेटला जागं करणाऱ्या रसायनाचा, एक थेंब टाका. काही सेकंदांत झुळझुळ नाहीशी होते, कारण चकत्या फुगून गोल झाल्या आणि त्यांना काटे फुटले. मग बारीक कण दिसू लागतात, कणांचे पुंजके होतात आणि गढूळ प्लाझ्मा स्वच्छ होतो. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

१९६२ मध्ये लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी हेच दृश्य मोजता येईल असं केलं. नळीतून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते कागदावर रेघेने उमटवायचं. प्लेटलेट जितक्या एकमेकींना चिकटतील तितका प्रकाश जास्त. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे हे चिरंजीव. साठ वर्षं उलटून गेली, तरी प्लेटलेटची वागणूक तपासायला आम्ही आजही मुख्यतः हीच पद्धत वापरतो. तुमच्या प्रश्नाच्या उत्तरातला मोठा भाग इथेच आहे. यंत्राचा आकडा प्लेटलेट किती आहेत ते सांगतो. त्या शांत आहेत का, गरज पडली की जाग्या होतील का, आणि गरज नसताना जाग्या तर होणार नाहीत ना, यातलं काहीही तो सांगत नाही. आमचं सगळं काम या तीन प्रश्नांभोवती फिरतं.

शाळेत आपण 'रक्तपट्टिका' म्हणून शिकलो ती ही वस्तू. व्यास दोन ते तीन मायक्रॉन, केंद्रक नाही. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची एक प्रचंड पेशी असते, तिचे लांब धागे तुटून प्लेटलेट तयार होतात. हे १९०६ मध्ये बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं. निरोगी माणसात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एकीचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, त्यामुळे शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट कराव्या लागतात. साधारण एक तृतीयांश प्लेटलेट कोणत्याही क्षणी प्लीहेत मुक्कामाला असतात. प्लीहा वाढलेल्या रुग्णाचा आकडा कमी दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळे. उत्पादन ठीकच असतं, मुक्काम वाढलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली हे ठिपके अनेकांना दिसले होते, पण बहुतेकांनी त्यांना फुटलेल्या पेशींचा चुरा समजून सोडून दिलं. इटलीतल्या तुरीनमध्ये ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी तसं केलं नाही. त्यांनी जिवंत गिनीपिगच्या आतड्याच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, वाहिनीच्या भिंतीला इजा केली आणि पाहत बसले. जखमेला सगळ्यात आधी येऊन चिकटतात ते हे ठिपके, फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांची, जाळी त्यानंतर, असं त्यांनी १८८२ मध्ये मांडलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण त्यांनी प्लेटलेटला वाहत्या रक्तात पाहिलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं आपण सगळे नळीतल्या साचलेल्या रक्ताकडे बघत बसलो आणि त्यामुळे कितीतरी गोष्टी उशिरा कळल्या.

वागणूक आणि आकडा यांतला फरक मला पुस्तकाने शिकवला नाही, एका मुलीने शिकवला. वय तेरा. पहिलीच पाळी आली ती थांबेना. लहानपणापासून नाकातून रक्त यायचं, दात पडला की रात्रभर उशी भिजायची. तरी ठिकठिकाणी "रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणून तिला घरी पाठवलेलं. आणि रिपोर्ट खरंच नॉर्मल होते: प्लेटलेट दोन लाख साठ हजार, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या पीटी, एपीटीटी या दोन्ही तपासण्या ठीक. आम्ही तिच्या प्लेटलेट यंत्रात लावल्या. एडीपी टाकलं, आडवी सरळ रेघ, म्हणजे प्लेटलेट एकत्र आल्याच नाहीत. कोलॅजेन, तीच सरळ रेघ. अॅड्रेनलिन, तेच. फक्त रिस्टोसेटिन टाकल्यावर रेघ वर चढली. हा ग्लांझमान यांचा आजार होता. एदुआर्द ग्लांझमान या स्विस बालरोगतज्ज्ञांनी १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. त्या मुलीच्या प्लेटलेट जखमेला चिकटत होत्या, पण एकमेकींचा हात धरू शकत नव्हत्या, कारण हात धरायचं प्रथिनच त्यांच्यावर नव्हतं. तिची आई तो कागद हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे ही खोटं बोलत नव्हती." घरात कोणीतरी तिला नाटकी म्हणायचं, हे मला तेव्हा कळलं.

ज्या प्रथिनाची उणीव होती त्याला ग्लायकोप्रोटीन टू-बी-थ्री-ए म्हणतात. निरोगी प्लेटलेटवर त्याच्या सुमारे ८० हजार प्रती असतात. शांत अवस्थेत हे सगळे हात मिटलेले असतात. प्लेटलेट जागी झाली की उघडतात, प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन पकडतात, त्याचं दुसरं टोक शेजारची प्लेटलेट पकडते आणि साखळी तयार होते. याच्या नेमका उलट आजार म्हणजे बर्नार-सूलिए, १९४८ मध्ये वर्णन झालेला. त्यात प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. एडीपीला त्या नीट प्रतिसाद देतात, रिस्टोसेटिनला देत नाहीत. कारण जखमेला पहिल्यांदा चिकटायचं प्रथिन, ग्लायकोप्रोटीन वन-बी, त्यांच्याकडे नसतं. रिस्टोसेटिन मुळात प्रतिजैविक. रुग्णांच्या प्लेटलेट कमी होतात म्हणून ते औषध म्हणून मागे घेतलं गेलं, आणि ज्या गुणामुळे ते बाद झालं त्याच गुणासाठी आज प्रत्येक प्लेटलेट प्रयोगशाळेत त्याची कुपी असते. लाखांत एखाद्याला होणाऱ्या या दोन आजारांनी आम्हाला दाखवून दिलं की चिकटणं ही एक पायरी आहे आणि एकत्र येणं ही वेगळी. दुर्मीळ रुग्णाकडे दुर्लक्ष करू नका असं मी विद्यार्थ्यांना सांगते ते याच कारणासाठी.

पहिली पायरी कशी घडते हे मला आजही थक्क करतं. धमनीतलं रक्त इतक्या वेगाने वाहत असतं की भिंतीला नुसतं चिकटणं कुणालाही शक्य नसावं. त्यासाठी फॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं एक लांबलचक प्रथिन आहे. फिनलंडचे एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. शांत प्रवाहात हे प्रथिन गुंडाळलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखं फिरत असतं, प्लेटलेट त्याला ओळखतही नाहीत. वाहिनी फाटली, आतलं कोलॅजेन उघडं पडलं की ते तिथे अडकतं आणि प्रवाहाच्या ओढीने उलगडत जातं. उलगडल्यावर त्याच्या आत लपलेल्या जागा उघड्या होतात. धावती प्लेटलेट वन-बीने तिथे अडकते, सुटते, पुन्हा अडकते, घरंगळत मंदावते. म्हणजे प्रवाह जितका जोरदार तितकी ही पकड चांगली. मंदावलेल्या प्लेटलेटला मग कोलॅजेनचा स्पर्श होतो, ती पोटातलं एडीपी बाहेर टाकते, थ्रोम्बॉक्झेन बनवून सोडते आणि शेजारणींना जागं करते. त्याच वेळी तिच्या पटलाची आतली बाजू बाहेर येते. या बाहेर आलेल्या मेदावर गोठण्याचे घटक बसतात आणि थ्रोम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं एन्झाइम, तयार होण्याचा वेग लाखो पटींनी वाढतो. १९६४ मध्ये मांडली गेलेली गोठण्याच्या घटकांची धबधब्यासारखी मालिका आपण सगळ्यांनी पाठ केली. ती चूक नाही, पण ती काचेच्या नळीतली आहे. शरीरात ती मालिका हवेत लटकत नसते, प्लेटलेटच्या पाठीवर घडते.

आणि उरलेला सगळा वेळ, सगळ्या धडधाकट वाहिन्यांमध्ये, प्लेटलेट शांत राहतात. वाहिन्यांचं अस्तर त्यांना सतत शांत ठेवत असतं, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून. प्रोस्टासायक्लिन १९७६ मध्ये मोंकादा, व्हेन आणि सहकाऱ्यांना सापडलं. माझ्या मते रक्त का गोठतं यापेक्षा रक्त एरवी का गोठत नाही हा जास्त खोल प्रश्न आहे, आणि त्यावर काम करणारे कमी आहेत.

अॅस्पिरिनबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. कॅलिफोर्नियातले लॉरेन्स क्रेव्हन हे एक साधे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. टॉन्सिल काढल्यावर अॅस्पिरिनचं च्युइंगम चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून हृदयविकार टाळायला अॅस्पिरिन द्यावं असं त्यांनी १९५० च्या सुमारास लिहिलं. तुलनेसाठी गट नव्हता, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कारण कळलं ते १९७१ मध्ये, जॉन व्हेन यांनी अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं हे दाखवलं तेव्हा. पुढे १९७५ मध्ये स्वीडनमध्ये सॅम्युएलसन यांच्या गटाने थ्रोम्बॉक्झेन शोधलं. १९८२ चं नोबेल या दोघांना आणि बर्गस्ट्रोम यांना मिळून दिलं गेलं. १९८८ मध्ये आयसिस-२ चाचणीत हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर रोज थोडं अॅस्पिरिन दिल्याने हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले.

यातला सुंदर भाग वेगळाच आहे. अॅस्पिरिन रक्तात अर्धा तासही धड टिकत नाही, मग दिवसातून एक छोटी गोळी कशी पुरते? ते प्लेटलेटमधलं, थ्रोम्बॉक्झेन बनवायला लागणारं एन्झाइम कायमचं बाद करतं, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती त्या एन्झाइमची नवी प्रत बनवू शकत नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो, म्हणून परिणाम ओसरायला आठवडा-दहा दिवस लागतात. (स्टेंट बसवलेल्या किंवा झटका येऊन गेलेल्या कुणीही हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. आणि आजार नसलेल्यांनी 'खबरदारी' म्हणून सुरूही करू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत निरोगी ज्येष्ठांना फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.)

याच एन्झाइममुळे माझे तीन महिने एकदा वाया गेले. निरोगी दात्यांच्या रक्तावर काम चालू होतं आणि काही जणांचे आलेख एका ठरावीक उत्तेजकाला सपाट येऊ लागले. आम्ही त्यावर एक मोठी कल्पना उभी केली. शेवटी कळलं की त्या दात्यांनी अंगदुखीसाठी गोळ्या घेतल्या होत्या. फॉर्मवर 'कोणतेही औषध चालू आहे का' या प्रश्नापुढे सगळ्यांनी 'नाही' लिहिलेलं, कारण डोकेदुखीची गोळी लोक औषधात धरतच नाहीत. तेव्हापासून मी स्वतः समोर बसून विचारते: डोकं दुखलं होतं का, दात दुखला होता का, सर्दीला काही घेतलंत का, किती दिवसांपूर्वी.

रक्त काढण्याबद्दलही तसंच. सुई बारीक नको. दंडाची पट्टी फार वेळ आवळून ठेवायची नाही. पहिल्या काही मिलिलिटरमध्ये टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठणं सुरू करणारं ऊतींतलं प्रथिन, मिसळलेला असतो, ते बाजूला टाकायचं. नमुना जोरात हलवायचा नाही, फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, चार तासांत तपासणी संपवायची. थंडीत प्लेटलेट आकार बदलतात. रक्तपेढीत त्या फ्रीजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांवर सतत हलवत का ठेवतात याचं मूळही इथेच. ४ अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर फार लवकर नाहीशा होतात, हे मर्फी आणि गार्डनर यांनी १९६९ मध्ये दाखवलं. पण खोलीच्या तापमानाला जंतू वाढण्याची भीती असते, म्हणून साठवण साधारण पाचच दिवस. या पाच दिवसांचे सात-आठ करण्यासाठी किती जणांची आयुष्यं खर्ची पडली आहेत, त्याची बाहेर कुणाला कल्पना नसते.

आकड्याविषयीही थोडं, कारण तोही वाटतो तितका भरवशाचा नसतो. पेशी मोजायच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घालतात, आणि काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. यंत्र पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि कागदावर १८ हजार छापून येतं. माणूस समोर ठणठणीत, अंगावर एक डाग नाही. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कडेला पुंजके दिसतात. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजलं की आकडा जागेवर येतो. मी अशा रुग्णांना स्टेरॉइड चालू झालेली पाहिली आहेत. काच पाहायला पाच मिनिटं लागतात हो, तेवढी प्रत्येकाने द्यावीत.

आकडा खरोखर कमी असला तरी अर्थ एकच नसतो. १९५० मध्ये अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी आयटीपीच्या, म्हणजे प्लेटलेट फार कमी होण्याच्या एका आजाराच्या, रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीला उतरल्या, आठवडाभराने पुन्हा वर आल्या. रक्तातलाच कुठलातरी घटक प्लेटलेट नष्ट करतो हे त्यातून सिद्ध झालं. तो घटक म्हणजे प्रतिपिंडं. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण याच प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार रक्तस्राव न करता गुठळ्या करतो. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्या काही रुग्णांत आकडा पडतो आणि त्याच वेळी पायात, फुप्फुसात गुठळ्या होतात. २०२१ मध्ये कोविडच्या काही लशींनंतर फार थोड्या लोकांत असंच दिसलं. दोन्हींत प्रतिपिंडं प्लेटलेट फॅक्टर-४ या प्रथिनाविरुद्ध होती. इथे आकडा कमी आहे कारण प्लेटलेट गुठळ्यांत खर्च होत आहेत. नुसता आकडा पाहून वरून प्लेटलेट चढवणं म्हणजे आगीत तेल.

डेंग्यूबद्दल रोज कुणीतरी विचारतं, म्हणून सांगते: रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही, असं सिंगापूर आणि मलेशियातल्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तिथे डॉक्टरांची नजर रक्तदाब, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि द्रवाच्या तोलावर हवी.

मग शोधायचं काय उरलं? माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट अजून हाती आलेलीच नाही: घातक गुठळी रोखेल पण जखमेवरची गुठळी होऊ देईल असं औषध. बॅरी कोलर यांनी ग्लांझमानच्या आजाराची नक्कल करणारं प्रतिपिंड बनवलं, त्याचं अॅबसिक्झिमॅब हे औषध १९९४ मध्ये मंजूर झालं. गुठळी रोखायचं ते उत्तम, पण रुग्णाला काही काळ त्या तेरा वर्षांच्या मुलीसारखं करून सोडायचं. क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट रोखणारं दुसरं औषध तर आधी वापरात आलं, आणि ते ज्या एडीपी ग्राहकावर काम करतं तो पी-टू-वाय-ट्वेल्व्ह नेमका ओळखला गेला २००१ मध्ये. त्यातही यकृतातल्या एका एन्झाइमच्या जनुकीय फरकामुळे काही लोकांत ते नीट कामच करत नाही. सध्या बऱ्याच जणांचं लक्ष कोलॅजेनच्या ग्राहकावर, ग्लायकोप्रोटीन सिक्सवर आहे. ज्यांच्यात ते जन्मतःच नसतं त्यांना रक्तस्राव सौम्यच होतो, आणि मला यात खरी आशा दिसते.

दुसरं काम प्लेटलेट तयार करण्याचं. एका वेळी चढवायला सुमारे ३० हजार कोटी प्लेटलेट लागतात. प्रयोगशाळेत पेशींपासून इतक्या बनवणं अजून फार अवघड आहे. आणि मज्जेतच सगळं घडतं हेही पूर्ण खरं नाही. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी उंदराच्या फुप्फुसांतही मोठ्या प्रमाणावर प्लेटलेट सुटताना थेट पाहिल्या. बिझ्झोझेरो यांच्यासारखंच, जिवंत प्राण्यात, वाहत्या रक्तात.

या क्षेत्रात यावं का, तर माझं उत्तर हो आहे. पण पहिले सहा महिने कुठलीही नवी कल्पना घेऊन येऊ नका. रक्त काढायला शिका, दात्याशी बोलायला शिका, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायला शिका. स्वतःच्या रक्ताचे वीस आलेख काढा, ते एकसारखे येईपर्यंत. आणि प्रत्येक वेळी यंत्राला लावण्याआधी नळी उजेडासमोर धरा. झुळझुळ दिसली नाही, तर त्या प्लेटलेट आधीच जाग्या झाल्या आहेत. तो नमुना टाकून द्या आणि दात्याला पुन्हा विनंती करा.